बुडाचा घोट

त्याने बघून ओतायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. पुढचं वाचून कुणाला माझी बाजू पटली नाही, तरी एवढं तरी पटावं.

आम्ही दोघं चिंचवडच्या एका कंपनीत पावडर कोटिंगच्या, म्हणजे पत्र्यावर रंगाची पूड मारून ती भट्टीत भाजायच्या लाइनवर एकाच महिन्यात लागलो. मी लातूरकडचा, तो इथलाच, देहूच्या बाजूच्या गावातला. पुढे मी तळवड्यात स्वतःचं शेड टाकलं आणि त्याने टेम्पो घेतला. माझा माल चाकणला तोच पोचवायचा. इथे कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. गुरुवारी दुपारी शेडचं शटर अर्ध्यावर ओढून, भट्टी थंड असताना, आम्ही दोन खुर्च्या टाकून एकेक बिअर प्यायचो. त्याहून जास्त कधी नाही. लाइनवर होतो तेव्हा दोघांत एकच बाटली परवडायची. नियम तेव्हापासूनचा: बुडाशी राहिलेला घोट स्वतःच्या ग्लासात ओतायचा नाही, दुसऱ्याच्यात ओतायचा. पुढे बाटल्या दोन झाल्या, नियम तोच राहिला.

मग माझं वजन उतरायला लागलं. सुटलेलं पोट कमी होतंय म्हणून मी खूश होतो. जिना चढताना धाप लागायला लागली, खाल्लेलं अंगी लागेना, तेव्हा बायकोने दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, घशातून दुर्बीण घातली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सिलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लुटेन माझ्या आतड्याला चालत नाही. गहू, मैदा, रवा जन्मभर बंद.

"हरकत नाही," मी म्हटलं, "मी भाकरीवरच वाढलोय."

"सातूही बंद. जव."

"सातू कोण खातंय मॅडम?"

"बिअर पिता ना?"

मी सवयीने घासाघीस सुरू केली. आठवड्याला एक? नाही. महिन्याला एक? नाही. सणासुदीला? त्या म्हणाल्या, कणभरही नाही. समोरचा एक इंचही हलला नाही, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदा घडलं.

पुढच्या गुरुवारी मी लिंबू सरबत घेऊन बसलो. तो म्हणाला, "मग रम घे की राव." पण रम घेतली की माणूस बोलत सुटतो. आम्हाला बोलायचं नसायचं, बसायचं असायचं. त्याने अर्धी बाटली पिऊन ठेवून दिली. त्याच्या पुढच्या खेपेला त्यानेही सरबत आणलं. दोन बाप्ये सरबत पितात तर किती वेळ पिणार? दहा मिनिटांत उठलो. मग कधी त्याला भाडं लागायचं, कधी मला काम. गुरुवार गळायला लागले. ते मला सहन होईना. बिअरवाचून मी मेलो नसतो. त्या खुर्चीवाचून मला जमत नव्हतं.

म्हणून शोध सुरू केला. वाइन शॉपवाल्यांना विचारलं. एक म्हणाला, "साहेब, माइल्ड घ्या ना." दुसऱ्याने तांदळाची म्हणून परदेशी बाटली काढली. मागचं बारीक अक्षर वाचलं तर तांदळाच्या आधी जवाचंच नाव. मी त्याला असं काही सुनावलं, की रांगेतले चार लोक निघून गेले.

शेवटी बाणेरकडे एक जागा कळली. तिथेच बिअर बनवतात आणि तिथेच देतात. बनवणारी तिशीतली बाई होती. तिने ज्वारीची बिअर पुढे केली.

"निव्वळ ज्वारी?"

"ज्वारी आणि तांदूळ. जव अजिबात नाही सर."

"दळता कशात?"

तिने कोपऱ्याकडे बोट केलं. दळायची चक्की एकच होती, जवाचीच. "पण टाक्या आम्ही व्यवस्थित धुतो," ती म्हणाली.

धुणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. काळा रंग संपवून पांढरा घ्यायचा असला की गन, पाइप, बूथ सगळं साफ करावं लागतं. काळ्याचा एक कण पाइपच्या वळणात दडून बसला तर तो पांढऱ्या पत्र्यावर उगवतोच. हे मी तिला सांगितलं आणि सौदा मांडला. तिच्या सगळ्या लोखंडी खुर्च्या मी फुकट कोटिंग करून देणार. तिने माझ्यासाठी छोट्या टाकीत, नव्या पाइपने बिअर करायची. दळायला मी नवी घरघंटी आणून देणार, गव्हाचं तोंडही न पाहिलेली.

"खुर्च्या आणि जिन्याचं रेलिंग," ती म्हणाली.

"खुर्च्या आणि अर्धं रेलिंग."

"अर्धं रेलिंग कसं रंगवणार सर?"

ती जिंकली आणि मी खुशीत घरी आलो. धंद्यात मी एक गोष्ट शिकलोय. जो भांडून भाव करतो तो परत येतो. जो आपण सांगितलेला भाव निमूट कबूल करतो, त्याला आपलं तोंड पुन्हा बघायचं नसतं.

ती बिअर जराशी आंबूस होती आणि तिला भाकरीच्या पापुद्र्याचा खमंग वास होता. एक ग्लास पिऊन आठ दिवस थांबलो. पोट गप्प. मग त्याला फोन केला, "गुरुवारी ये. सापडली."

तो आला, केस ओले करून विंचरलेले. मी मोठी बाटली भरून आणली होती, तरी त्याने स्वतःची नेहमीची जवाची बाटली आणलीच. म्हणाला, "तुझी तुला पुरू दे भावा. एवढ्या खटपटीची हाय." मी आग्रह केला तेव्हा घोटभर घेतली. "बरी हाय की. भाकरीगत लागती." मग तासभर आम्ही पूर्वीसारखे बसलो. टेम्पोच्या क्लचबद्दल दोन वाक्यं, माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल एक. त्याची बाटली बुडाशी आली. त्याचा हात सवयीने पुढे आला आणि त्याने तो घोट माझ्या ग्लासात ओतला.

मी प्यायलो नव्हतो. ग्लास ओतून, दुसरा घेऊन पुन्हा भरता आला असता. माझी बाटली अर्धी शिल्लक होती. मी ग्लास शटरवर फेकला.

"तुझ्या हाताला कधी अक्कल होती का? कंपनीतला आख्खा लॉट तूच घालवलास."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून काचा गोळा करायला लागला.

आता त्या लॉटचं सांगतो. काळ्यावरून पांढरं करताना पाइप साफ करायची पाळी माझी होती. कंपनीची बस सुटायला आली होती, मी हवेचा एक झोत मारून निघालो. सकाळी सगळे पांढरे पॅनल काळ्या ठिपक्यांनी भरलेले. सुपरवायझरने विचारलं, कुणी केलं? मी अजून कायम झालो नव्हतो, बायकोला सातवा महिना होता. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "माझ्याकडून ऱ्हायलं सायेब." दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. मी कायम झालो. त्यानंतर वीसेक वर्षं त्याने तो विषय काढला नाही, मीही नाही.

काचा भरून झाल्यावर तो "येतो" म्हणाला. महिनाअखेरपर्यंत माझा माल त्यानेच पोचवला. मग दुसरा टेम्पोवाला आणून माझी गाठ घालून दिली. त्यानंतर फोन नाही.

तीन महिने मी राग धरून बसलो. त्याने भांडायचं होतं. तो लॉट तुझा होता, असं तोंडावर म्हणायचं होतं. मी ऐकून घेतलं असतं.

शेवटी एका गुरुवारी मीच त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला, बशीत शेंगदाण्याचे लाडू दिले. "खावा भाऊजी. ह्यात गहू न्हाई, आन् कढई बी नवी हाय. ह्यांनी मागंच आणून ठेवलीया, तुमच्यासाठी."

माझी चूक झाली, एवढंच म्हणायचं मी रस्ताभर घोकलं होतं. तोंडातून निघालं ते असं: "हे बघ, अर्धी चूक तुझी, अर्धी माझी. तू बघून ओतायला हवं होतंस."

"अर्धी कशाला?" तो म्हणाला. "समदी माझीच."

"तसं नाही म्हणत मी."

"तो लॉट बी माझाच. झालं?"

आवाजात राग नव्हता. मी थांबलो, तो पुढे काही बोलेल, काही मागेल म्हणून. त्याने माझा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "चहा गार व्हतोय."

मी चहा संपवला. तो फाटकापर्यंत सोडायला आला आणि मी गाडी वळवेपर्यंत उभा राहिला. "सावकाश जावा," तो म्हणाला. आजवर तो मला अरेतुरेच करत आला होता.