लेडीज दारावरची आई

माझ्या आईच्या कडेवर कायम दुसऱ्याचं पोर असायचं. उल्हासनगरला आमच्या कॅम्पातल्या जुन्या टॉकीजमध्ये ती बायकांच्या दारावर तिकिटं फाडायची. खेळ सुरू झाला की रडणारी तान्ही पोरं बाहेर घेऊन व्हरांड्यात फिरवायची. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. "पोर रडलं की आईचा पिक्चर गेला. कधी नव्हे ते बाहेर पडते बिचारी, बघू दे की," ती म्हणायची.

पोरांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिची एक पद्धत होती. आजूबाजूला सगळे शिवणकामाचे कारखाने, त्यामुळे चिंध्यांना तोटा नव्हता. एका चिंधीचे दोन तुकडे करायचे, एक पोराच्या पायाला बांधायचा, दुसरा त्याच्या आईच्या बांगडीला. खेळ सुटला की रंग बघून पोर परत. सिंधी, मराठी, सगळ्या बायका निर्धास्तपणे तिच्या हातात पोर देऊन आत जात.

तिने स्वतः एकही सिनेमा धड पाहिला नाही. अमुक पिक्चर कसा होता विचारलं तर सांगायची, "चांगला होता. गाणी पुष्कळ, पोरं गपगार झोपली." मारामारीचे सिनेमे तिच्या डोक्यात जायचे. "सारखं आपलं ढिशुम ढिशुम. दचकतात ना मेली."

बाबा अंबरनाथला एमआयडीसीत पाळीवर. मी शाळेतून आले की शेजारच्या काकूंकडे बसायची. आई घरी यायची तेव्हा तिच्या पदराला परक्या पोरांच्या पावडरचा वास यायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी स्वतःच्या पायाला लाल चिंधी बांधून टॉकीजवर गेले आणि तिच्यासमोर हात वर करून उभी राहिले. आई खळखळून हसली. "एवढी घोडी झालीस! तुझी आई कुठे आत बसलीय?" म्हणत तिने चिंधी सोडली आणि कडेवरच्या पोराच्या पायाला बांधली. ते पोर माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसत होतं. त्याचं ते हसू मला आजही सहन होत नाही.

टॉकीज आधी पत्र्याचं होतं. मग पक्कं झालं, बाल्कनी आली, बायकांच्या रांगा रस्त्यापर्यंत गेल्या. पुढे घरोघरी टीव्ही आले आणि बायका यायच्या कमी झाल्या. आई रिकाम्या व्हरांड्यात बसून राहायची. "आता कुणी रडतच नाही गं," ती एकदा म्हणाली. ऐकून मला मनातून गारेगार वाटलं. पण तोवर मी लग्न होऊन बदलापूरला गेले होते, त्या रिकाम्या मांडीचा मला काय उपयोग? नंतर टॉकीजमध्ये जीन्सचं गोदाम झालं. आता तिथे टॉवर उभा राहतोय.

टॉकीज गेलं तरी पोरं काही गेली नाहीत. मध्यंतरी बाजारात एक पोट सुटलेला, टक्कल पडलेला दुकानदार गल्ल्यावरून उठून आईच्या पाया पडला. "माँजी, पहचाना? मम्मी बोलती है, आपकी गोदी में बड़ा हुआ मैं." आईने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा कुरवाळला. तो मला म्हणाला, "दीदी, आप लकी हो." एवढा बाप्या माणूस, पण त्याला चिमटा काढावा असं वाटलं मला.

शेवटी आई माझ्याकडे होती, बदलापुरात मांजर्लीला. एकटी माझी! पण तिचं भान सुटत चाललं होतं. एका दुपारी मी उशाशी बसले होते. तिने माझा हात धरला आणि प्रेक्षक बायकांशी बोलायची तशी अजिजीने म्हणाली, "ताई, आज तुमचं बाळ जरा लवकर घेता का?"

"का हो बाई?" मी विचारलं.

"माझी मुलगी घरी एकटी आहे. तोंड फुगवून बसली असेल. मी जवळ घेतल्याशिवाय जेवायची नाही ती. रोज जीव तिकडेच असतो हो माझा."

"आई, मीच ती," मी म्हणाले. तिला ते कळलं नाही. ती उठायची धडपड करू लागली. पडेल म्हणून मी तिला घट्ट धरलं, तर ती सगळं बळ एकवटून माझे हात सोडवू लागली. तिला माझ्यापासून सुटून त्या मुलीकडे जायचं होतं. जन्मात मला इतका हेवा कुणाचा वाटला नव्हता.