पालथे वाडगे

रिचमंड हिलच्या आमच्या गल्लीत चिनी घरंच जास्त. तिथे राहायला गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं माझं आणि शेजाऱ्यांचं नातं ‘हाय’ आणि ‘सो मच स्नो’ यापलीकडे गेलं नव्हतं. ते पुढे नेलं माझ्या आईने, आणि तेही सोड्यांच्या जोरावर.

आई हर्णैहून आली ती बॅगेत सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, घेऊनच. कस्टमवाल्यांना तिने काय सांगितलं ते मी आजवर विचारलेलं नाही. एप्रिल संपता संपता जरा बरं ऊन पडलं, तशी तिने ते मागच्या डेकवर चादर पसरून पुन्हा उन्हात घातले. मी धास्तावले. म्हटलं, अगं, वासाने कुणी कम्प्लेंट करील! कम्प्लेंट आली नाही, शेजारच्या आजी आल्या. त्यांनी एक सोडा उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःकडची सुकी कोळंबी वाटीत घालून पाठवली. मग रोजच सुरू झालं. आई मराठीत बोलायची, आजी कॅन्टनीजमध्ये. भाषेवाचून अडायचं ते फक्त माझं.

आजी हाँगकाँगकडच्या एका मच्छीमारांच्या गावातल्या. थोरला मुलगा आणि सून इथे, धाकटा तिकडेच, मासेमारीच्या बोटीवर. तो किनाऱ्याला लागला की फोन करायचा. त्या वर्षी बरेच दिवस त्याचा फोन नव्हता आणि तिकडे वादळ होऊन गेल्याचं टीव्हीवर सांगत होते. आजींची सून मला ड्राइव्हवेत भेटली की हळूच म्हणायची, ‘स्टिल नो कॉल.’ आजी मात्र त्याबद्दल अक्षर काढत नव्हत्या. त्यांनी एवढंच ठरवलं, की यंदा तिन हाऊचा वाढदिवस घरी दणक्यात करायचा. तिन हाऊ म्हणजे दर्यावरच्या माणसांना सांभाळणारी देवी.

देवी बसवली गराजमध्ये. यात हसण्यासारखं काही नाही, आमचा गणपती बेसमेंटमध्येच बसतो. दोन्ही गाड्या बाहेर काढल्या, विंटर टायर भिंतीशी रचून त्यांच्यावर लाल कापड टाकलं आणि मधोमध टेबलावर देवीची मूर्ती. पुढे संत्री, लाल रंगवलेली अंडी, पीचच्या आकाराचे गुलाबी पाव आणि अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून माझा नवरा सारखा तिकडेच बघत होता. देवीच्या पायाशी धाकट्या मुलाचा फोटो. फटाक्यांना परवानगी नव्हती म्हणून फटाक्यांची सीडी लावली होती.

आईला एकच शंका. ‘समुद्र कुठंय गो? इथं सगळं गोडं पाणी.’ मी सुनेमार्फत विचारलं. आजींनी उत्तर दिलं, की तळ्याचं पाणी नदीला मिळतं आणि नदी समुद्राला, देवीला रस्ता ठाऊक आहे. आईला हे पटलं. तिने अगरबत्त्या लावल्या आणि शुद्ध कोळी पद्धतीने नारळ वाढवला. पूजेला जमलेल्या आजींच्या गाववाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणं झाली. आता कोळणीला पाहुणी म्हणून खुर्चीत बसवून ठेवणं कुणाच्या बापाला जमलंय? आईने उष्टे वाडगे गोळा केले, आतल्या सिंकमध्ये लखलखीत घासले आणि बाहेर आणून देवीसमोरच्याच टेबलावर टॉवेल घालून निथळायला ठेवले. पालथे. आपण सगळेच ठेवतो तसे, एका ओळीत.

आजींनी ते पाहिलं आणि त्या किंचाळल्या. धावत येऊन एकेक वाडगा सुलटा करू लागल्या. आईचा चेहरा खर्रकन उतरला. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, ‘माझा हात लागला, म्हणून काय गो?’

मला भयंकर राग आला. गावी काही घरं अशी होती, की आईची मासळी चालायची, आई मात्र अंगणातच उभी. ते इतक्या लांब, या गराजमध्ये पुन्हा ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सून लगबगीने पुढे आली.

‘नो, नो, आंटी, इट्स नॉट यू! इट्स द बोल्स.’ तिने एक वाडगा हातात घेतला, हवेत तरंगवला आणि उपडा केला. ‘बोट,’ ती म्हणाली. म्हणून तर मघाशी जेवताना माशाची वरची बाजू संपल्यावर कुणी तो उलटवला नव्हता, काटा उचलून खालची बाजू खाल्ली होती.

आईला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती तांडेलाची, बोटीच्या कप्तानाची, बायको. बाबा दर्यावर असताना आमच्या घरात दिवा कधी विझला नाही, शांत झाला. बांगडी कधी फुटली नाही, वाढली. तिने स्वतःच्या गालांवर दोन चापट्या मारल्या, आजींच्या शेजारी उभी राहिली आणि उरलेले वाडगे सुलटे केले. मग मला फर्मान सोडलं, ‘घरातनं मीठ-मोहरी आण. नि सुक्या मिरच्या. जास्त आण.’

तिने फोटोवरून दृष्ट काढली. पुटपुटत, साग्रसंगीत. आणि सगळं नेऊन ड्राइव्हवेत पेटलेल्या बार्बेक्यूत टाकलं. मूठभर बेडगी मिरच्या! क्षणात तिथला प्रत्येक माणूस खोकायला लागला. थोरला मुलगा डोळे पुसत लॉनवर पळाला. आई खोकता खोकता ओरडली, ‘ठसका लागला! म्हणजे दृष्ट नव्हतीच! सांग तिला, पोरगा सुखरूप आहे!’ मी सांगितलं, सुनेने सांगितलं. आजी खोकत होत्या, रडत होत्या आणि हसतही होत्या. मी आईचा विश्वास पाहून मनातून घाबरले होते. खोटं ठरलं तर?

पुढच्या आठवड्यात एका दुपारी आजी फोन कानाला लावूनच आमच्या दारात आल्या. चप्पल घालायचं भान नव्हतं. त्यांनी फोन थेट आईच्या कानाला लावला.

आईने ओळखलं. ‘कोण, पोरगा काय? मेल्या, आईला फोन करायला काय होतं तुला? तोंड सुकलं तिचं वाट बघून! बंदराला लागलास की आधी फोन, मग दारू. कळलं?’ पलीकडून तो बिचारा काहीतरी बोलला. आई मन लावून ऐकत होती, मधून मधून ‘हां’ म्हणत होती.

फोन परत देताना तिने आजींचा हात दाबला.

‘काय म्हणाला गं?’ मी विचारलं.

‘मला काय कळतंय,’ आई पदराने डोळे टिपत म्हणाली, ‘पण आवाजावरनं जेवलेला वाटला.’