कोडच्या जागी कीड

रंगारीकाकांच्या घरात वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याला ‘चौकटी’ म्हणत आणि कोडकौतुकाला नुसतंच कौतुक. मुलीच्या हातांवर कोड फुटलं तेव्हापासून काकांनी तो शब्द घराबाहेर हाकलला होता. त्याचं सगळं गणगोतही त्याच्याबरोबर गेलं. नाटकमंडळीत नटांची तोंडं रंगवायची हे काकांचं काम, म्हणजे लपवण्यात हातखंडाच. मुलगी नटी झाली तसे ते प्रत्येक प्रयोगाआधी तिच्या हातांना गव्हाळ रंग लावू लागले, अगदी नखांच्या कडेकडेनं. ओळखायची कुणाची बिशाद होती!

मग मंडळीनं एक जुनं नाटक काढलं. त्यातली राणी भर दरबारात म्हणते, “या दरबाराला कोड फुटलंय!” राणी होती काकांची मुलगी. तालमीत ते वाक्य आलं की सगळ्यांच्या माना खाली. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, “कोडच्या जागी कीड म्हणू या. एका वेलांटीनं भागतंय.”

“नाही भागत,” मुलगी म्हणाली. “पुढचं वाक्य बघा ना. ‘ही तोंडं पाहा, भीतीनं पांढरी पडलेली!’ किडीनं कुणी पांढरं पडतं का? मी कोडच म्हणणार. आणि हात रंगवणार नाही.”

“लोक हसले तर राणी दुसरीला देईन,” त्यानं बजावलं.

प्रयोगाआधी काकांनी सवयीनं गव्हाळ रंगाची डबी उघडली.

“बाबा, लहानपणापासून माझं प्रत्येक कोड पुरवलंत,” ती हसून म्हणाली. “एवढं एक पुरवा.”

काकांनी डबी मिटली. मग काय अंगात आलं कोण जाणे, पांढरा रंग उचलला आणि दरबाऱ्यांना रांगेत उभं करून एकेकाच्या तोंडाला फासला. सेनापती कुरकुरला. “गप बस,” काका म्हणाले, “तू घाबरलायस.”

ते वाक्य आलं. राणीनं दोन्ही उघडे हात उंच केले. समोर पांढरेफटक दरबारी, माना खाली. विंगेतून काका प्रेक्षकांकडे बघत होते. कुणी हसलं नाही. उलट टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांना त्या सगळ्या आपल्या पोरीच्या हातांसाठीच वाटल्या, आणि खरंच तसं होतं.

पडदा पडल्यावर एक प्रेक्षक आत आला. “राणीच्या हातांचा रंग काय हुबेहूब जमलाय! कुणाचं काम?”

“रंग नाही तो. कोड आहे,” काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आणि राणी माझी मुलगी आहे.”