मंगळवेढ्याची परत धाडा

“मंगळवेढ्याची म्हणून लई हौसेनं आणली. वरनं नितळ, आतनं पोकळ! चार मानसांपुढं ठेवायची लाज वाटती. परत धाडा अन् बार्शीची आणा.”

सासूबाई मामंजींना सांगत होत्या. मी दाराआड, हातात पाण्याचा तांब्या. माझं माहेर मंगळवेढा, लग्नाला जेमतेम महिना झालेला. आता सांगा, तुम्ही काय समजला असता?

सवत! तीही बार्शीची!

पटण्याजोगंच होतं हो. मी घरात तोंड उघडायची नाही, आणि थापलेली भाकरी तव्यावर जाईस्तोवर तिचे तुकडे. मामंजी नुसतं “बघतो” म्हणाले. म्हणजे बघायला जाणार की!

ठरवलं, उपयोगी पडायचं. पुढच्या सोप्यात आमचे हातमाग. नव्या पेठेत लुगडी खपायला लागली तसे दोनाचे सहा झालेले. पाऊस नव्हता. रोज सकाळी दाराशी कुणीतरी उभंच, “मालक, काम हाय का?” माग वाढला की मामंजी एकाला विणायला घेत, एखाद्या बाईला धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायला. दुपारची भाकरी सगळ्यांना घरची.

काशीबाई त्यातलीच, माझ्या माहेराजवळच्या खेड्यातली. नवरा आणि धाकटं लेकरू त्या दुष्काळी उन्हाळ्यात गेलेले. थोरली पोर आमच्या भाकरीवर जगत होती.

मी पहाटे उठून कांड्या भरायला लागले. अशा भरल्या, जणू दर कांडीमागं बार्शीची एकेक पाऊल मागं सरत होती! काशीबाई येईपर्यंत टोपली शिगोशीग. ती बिचारी नुसती बसून राही. सासूबाई खूश, मीही खूश. केवढी हुशार मी!

मग एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, “काशे, आता येऊ नगं. सूनच भरती की समदं.”

काशीबाईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, तेच वाईट. हळूच म्हणाली, “वैनी, तुमच्यात बी भाकरीची वानवा हाय व्हय?”

मी काही बोलणार, तोच बाहेरून यांची हाक, “आई, बार्शीची आली गं! दार उघड!”

सवतीला ओवाळायचं असतं का, एवढंच मनात आलं. यांच्यामागून हमाल आत शिरला. पाठीवर पोतं. सासूबाईंनी दाणा काढून दाताखाली कटकन फोडला.

“ही बघा ज्वारी, कशी भरल्याली! ती मेली मंगळवेढ्याची पोकळ, थापायच्या आत भाकरी तुटायची.”

ज्वारी! म्हणजे माझा हातसुद्धा कच्चा नव्हता!

हसू यायला हवं होतं. पण काशीबाई पोरीचं बोट धरून उंबरा ओलांडत होती. जाणार कुठं? विहिरीच्या तळाला चिखलही न उरलेल्या त्याच गावाला.

मागावर बसलेल्या मामंजींनी माझा आवाज आजवर ऐकला नव्हता. मी पदर सावरला, सगळ्यांसमोर पुढं झाले.

“मामंजी, मंगळवेढ्याची पोकळ निघाली ती मी. काशीबाईला परत धाडू नका.”