परत नेलेला पाट

माझी मान दर दोन-तीन मिनिटांनी उजवीकडे झटकते, डावा डोळा मिटतो आणि घशातून हुंकार निघतो. सातव्या वर्षी हे सुरू झालं. मोठा झाल्यावर जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आता माझी पन्नाशी आली. डॉक्टर गेले, झटके राहिले.

लोकांच्या शहाणपणाचं मला काही सांगू नका. पेणच्या एसटी स्टँडवर, आपल्या बायकोला डोळा मारला असं समजून एकानं माझी कॉलर धरली होती. शेजाऱ्यांनी भगताकडं जायला सांगितलं. उरलेले म्हणतात, मन घट्ट कर. माझ्या गावाहून, कासूहून, पेणला येताना गाडीत मी मान दाबून धरतो, तर उतरल्यावर ती सगळं उट्टं काढते.

एकाच कामात ती गप्प बसते. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी डोळ्यांची आखणी करायचो. मूर्ती सगळी रंगवून झाली की शेवटी डोळे. कुंचला टेकला की मान थांबायची. का, ते मला आजही माहीत नाही.

आमच्याकडं गिऱ्हाईक घरचा पाट आधी आणून ठेवतं आणि त्याच पाटावर मूर्ती नेतं. रोह्याच्या एका गृहस्थांचा पाट त्यांच्या वडिलांपासून आमच्याकडं यायचा. एका श्रावणात ते स्वतः आले. मी रंग कालवत होतो, मान झटकत होती.

"ह्यो पिऊन हाय काय?" त्यांनी कारखान्याच्या मालकाला, शेठला, विचारलं.

"नाय हो, त्याला तसलं हाय."

"मग आमच्या बाप्पाला ह्याचा हात नको. पाट द्या."

शेठनं पाट दिला. पाट परत नेणं म्हणजे कारखान्याच्या तोंडात मारणं, आणि त्याचा राग माझ्यावर निघाला. दुसऱ्या दिवशी माझं स्टूल मागं, गोणपाटाच्या पडद्याआड गेलं. गिऱ्हाईक असताना बाहेर यायचं नाही, अशी ताकीद मिळाली. मी ती गिळली. काम गेलं असतं तर दिवसातले तेवढे शांत तासही गेले असते.

पुढच्या वर्षी तोच पाट परत आला. दुसरीकडच्या मूर्तीचे डोळे त्यांना वटारलेले वाटले होते, आधीसारखेच हवे होते. ते मूर्ती न्यायला आले, तेव्हा तिचे डोळे तेवढे राहिले होते. शेठ पडद्याआड येऊन कुजबुजला, "तू आखतोस ते त्यांना सांगितलं नाय."

"मग सांगा. त्यांच्यासमोर आखीन, नाय तर नाय."

चतुर्थी दुसऱ्या दिवशी होती, शेठचा नाइलाज झाला. गृहस्थ मूर्तीपाशी येऊन उभे राहिले. माझी मान दोनदा झटकली, त्यांनी तोंड वाकडं केलं. मग मी कुंचला टेकवला. दोन्ही डोळे होईपर्यंत मान हलली नाही. वाटलं, आता हा माणूस एखादा बरा शब्द बोलेल. त्या शब्दासाठी मी किती लाचार झालो होतो, ते आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

त्यांनी हात जोडले, मूर्तीला. मग शेठकडं वळून म्हणाले, "डोळे झ्याक झाले. पण ह्याला पडद्याआडच ठेवा. बाया-पोरं येतात."

रंग अजून ओला होता. मी ओलं फडकं घेतलं आणि दोन्ही बुबुळं पुसून टाकली. प्राणप्रतिष्ठा व्हायची होती, तोवर ती मातीच होती. शेठ किंचाळला.

गृहस्थ पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले. "अहो, आता?"

माझी मान झटकली, डोळा मिटला, हुंकार निघाला. मी काहीच दाबलं नाही. स्टूल उचललं, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असं दाराशी ठेवलं, त्यावर बसलो आणि त्यांना म्हटलं, "मूर्ती इथं आणा."