मोराच्या पायाशी हिरवा शेरा

सरकारी नोकरीत मला हिरव्या शाईने लिहायचा अधिकार नव्हता. तो मान वरच्या साहेबांचा, आम्ही निळ्यावाले. म्हणून निवृत्तीनंतर दुसऱ्याच दिवशी मी हिरवं पेन विकत घेतलं! (पहिल्या दिवशी दुकान बंद होतं.) तेव्हापासून आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमधला एकही कागद माझ्या शेऱ्याशिवाय पुढे सरकला नाही. सोसायटीची नोटीस, किराण्याची यादी, लग्नाचा मेनू, सगळ्यावर 'देखा' आणि खाली तारखेसह सही.

लग्न आमच्या मुलीचं, मुक्ताचं. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझ्या आईचा झोपाळा होता. मुक्ता त्यावरच वाढली, पाढे त्यावर, रुसवे त्यावर. पुढे आई गेली, क्वार्टर सुटलं आणि झोपाळ्याची सागवानी फळी आमच्या पलंगाखाली येऊन पडली. "बाबा, लग्नात मला आजीच्या फळीवर बसायचंय. तिचे दोन पाट करा, बस. बाकी काही नको मला." मी शब्द दिला. फळी एक, पाट दोन, आणि चुकायला जागा नाही.

कोरीवकामाची जबाबदारी निनादची. हा आमचा मुलगा, गुरुग्रामला आयटीत आहे आणि फावल्या वेळात बाल्कनीत लाकूड कोरायचं एक सीएनसी मशीन घेऊन बसतो. (पूर्वी तिथे माझी आरामखुर्ची होती.) त्याने पद्धत समजावून सांगितली. माझ्या बायकोने, म्हणजे शुभदाने, कागदावर मोर काढायचा. निनादने मोबाईलवर त्याचा फोटो काढून लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये टाकायचा. मग लॅपटॉप रेघा ओळखतो आणि मशीनची टोकदार बिट त्या रेघांवरून गरगरत लाकूड कोरत जाते.

"आणि मंजुरी?" मी विचारलं.

"कसली मंजुरी?"

"आधी मसुदा, मग तपासणी, मग मंजुरी, मग अंमलबजावणी. फाईल अशी थेट कशी जाईल?"

"यार बाबा, मोर आहे तो! मंत्रालयाचा प्रस्ताव नाही."

शुक्रवारी नवरदेवाचा पाट असा सुंदर कोरला गेला, की शुभदाने मशीनला हळदकुंकू लावलं. मुक्ताच्या पाटाचा मोर शुभदानेच संध्याकाळी काढला, निनादने फोटो फोल्डरमध्ये टाकला आणि शनिवारी सकाळी तो पुण्याच्या पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेला. लग्न रविवारी. जाताना बजावून गेला, "आई, तू फक्त 'सुरू' दाब. बाबा, तुम्ही बिल्कुल कशाला हात लावायचा नाही. प्लीज!"

मी हात लावला नाही. मी फक्त पेन लावलं.

मोराचा कागद जेवणाच्या टेबलावर पडला होता आणि त्यावर मंजुरी नव्हती! मला ते बघवेना. मोराची चोच जरा लांबही वाटत होती. मी मोराच्या पायाशी, हिरव्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं, 'चोंच कुछ लंबी है। कृपया चर्चा करें।' खाली सही आणि तारीख. (हिंदीत, कारण तेहेतीस वर्षं हात त्यालाच वळलेला.) मग लक्षात आलं, की फोल्डरमध्ये पडलेली प्रत तर बिनशेऱ्याची! उद्या कुणी विचारलं तर? म्हणून शेरा असलेल्या कागदाचा फोटो काढून तोही मी फोल्डरमध्ये टाकला. केवळ रेकॉर्डसाठी.

फोल्डरमध्ये सगळ्यात शेवटी आलेलं चित्र मशीन घेतं, असं निनादने मला सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल, पण तोंडी!

शुभदाने 'सुरू' दाबलं. तिचा चष्मा स्वयंपाकघरात होता आणि पडद्यावर मोर दिसला, एवढं तिला पुरे होतं. घर्रर्र करत बिट उतरली. तुरा झाला, मान झाली, पिसारा एकेक डोळा उघडत गेला. आईच्या फळीवर मोर उभा राहत होता. शेवटी पाय झाले. आता मशीन थांबणार, म्हणून शुभदाने ब्रश हातात घेतला.

मशीन थांबलं नाही. ते मोराच्या पायाखाली गेलं आणि मोकळ्या लाकडात उतरलं.

"अहो, तिथे तर मी काहीच काढलं नाही. काय कोरतंय हे?"

मला पहिल्याच वळणात कळलं. 'च'ची ती गाठ मी जगात कुठेही ओळखीन. आणि सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार फळीचा आला नाही. हे अक्षर माझं आहे हे सिद्ध होईल का, हा आला.

"वेल असेल," मी म्हणालो.

"वेलीला अनुस्वार असतो?"

मी निनादला फोन लावला. मागे विमानतळावरच्या घोषणा चालू होत्या.

"अरे, मशीन थोडं जास्त काम करतंय."

"म्हणजे?"

"'चोंच' कोरून झालं. 'कुछ' चालू आहे."

"बाबा, तुम्ही... लाल बटण दाबा! आत्ता!"

मी बटणापाशी बोट नेलं. दाबणारच होतो. पण दाबल्यावर फळीच चिरली तर? जबाबदारी कुणाची? तेहेतीस वर्षांत तोंडी आदेशावर मी टाचणीसुद्धा हलवली नव्हती.

"निनाद, हेच जरा मेसेजमध्ये लिहून पाठव."

"काऽय?"

"एक ओळ पुरे."

"अहो, दाबा नाऽ!" शुभदा ओरडली. इकडे 'लंबी है' झालं. तिकडे निनाद एका हाताने आत्याची बॅग ओढत टाईप करत होता. 'कृपया' झालं. 'चर्चा' झालं. भुसा उडून माझ्या चष्म्यावर बसला. मशीनने माझी सही अशी काही झोकात मारली, की मला स्वतःला इतकी चांगली कधी जमली नाही. मग तारीख. मग मशीन आपणहून थांबलं, आणि मोबाईल वाजला. 'दाबा!!!'

खालच्या सुताराला बोलावलं. त्याने खाचांवरून बोट फिरवलं. "साब, घिसूंगा तो मोर भी जाएगा."

मुक्ता मेंदीचे हात पसरून बाल्कनीत आली तेव्हा मी पाटासमोर उभा होतो, झाकायला. पण मी किती झाकणार! तिने वाचलं. तिचे डोळे भरले. मी ऑडिटं पाहिली, चौकशा पाहिल्या, इतका कधी घाबरलो नव्हतो. पोरीने एकच गोष्ट मागितली होती.

मग ती म्हणाली, "कशावर चर्चा, बाबा?"

"चोचीवर," मी पुटपुटलो.

ती तिथेच भुशात बसली. "ठीक आहे. करा."

आम्ही चोचीवर बोललो. चोच झाल्यावर आजीवर बोललो. मग क्वार्टरवर, मग उद्यानंतर दर रविवारी सकाळचा चहा मी कुणाबरोबर घ्यायचा, यावर. लग्न ठरल्यापासून मी तिच्याशी एक अक्षर धड बोललो नव्हतो. नुसत्या याद्या तपासत होतो. मधेच मी रडलो. तिला डोळे पुसता येईनात, मेंदी ओली होती, म्हणून तिचेही मीच पुसले.

रविवारी गुरुजी घाई करत होते, नवरदेव बसलेला होता, आणि मुक्ता पाटासमोर तशीच उभी. सगळा हॉल तिच्याकडे बघायला लागला. तिने मान वळवून मला गर्दीत शोधलं.

"बाबा, चर्चा झाली. बसू?"

"बस," मी म्हणालो. तो माझ्या आयुष्यातला पहिला तोंडी आदेश.

हिरवं पेन त्याच दिवशी शुभदाने जप्त केलं. मी पोचपावती मागितली आहे. दोन स्मरणपत्रं गेली, निळ्या शाईत.