हिरव्या जोडप्याची ताटातूट

चिमटामावशी हे नाव तिला दोन कारणांनी पडलं, आणि दोन्ही खरी. एक, तिच्या हातात सदैव क्रिंपर असे. केबलच्या टोकाला प्लास्टिकचा कनेक्टर दाबून बसवायचा तो चिमटा. दुसरं, बोलता बोलता ती समोरच्याला असा काही चिमटा काढी की तो दोन दिवस जागा चोळत फिरे.

पंचवीस वर्षं तिने शर्टांना बटणं लावली. कारखाना बंद पडला तेव्हा भाचीने तिला स्वतः नोकरी करत असलेल्या दिव्यांच्या दुकानात आणलं. भाची कॉम्प्युटरसमोर बसून दिवे नाचवायची आणि मावशी मागच्या खोलीत त्यांच्या केबलींची टोकं बसवायची. केबलच्या पोटात आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक पूर्ण रंगाची, एक त्याच रंगाचा पट्टा ओढलेली पांढरी, आणि दोघी एकमेकींना पीळ घालून. मावशी पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं बाई, ही तर नवरा-बायको!" गल्लीतली अकरा लग्नं जमवलेली बाई ती, तिला दुसरं काय दिसणार?

घोटाळा झाला तो तिथेच. कनेक्टरच्या खोक्यावर कुठली तार कुठे बसवायची त्याचा तक्ता होता, त्यात हिरव्याची पांढरी बायको तिसऱ्या जागी, हिरवा स्वतः थेट सहाव्या, आणि मधे निळं जोडपं ऐसपैस पसरलेलं. मावशीचं डोकंच फिरलं. "छापणाऱ्याचं घरी बिनसलं असणार," असं म्हणून तिने खोकं पालथं घातलं, त्यावर चहाचा कप ठेवला आणि चारही जोडपी शेजारीशेजारी बसवून टाकली. दोन्ही टोकांना तोच क्रम, त्यामुळे दिवे लागलेही. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं लागले! सभागृहांतली कामं, दुकानांच्या काचांमागची कामं, सगळ्या पाच-सात मीटरच्या केबली. एकदा कनेक्टर बसला की आत कोण कुणाला खेटून बसलंय हे बघायला जातंय कोण? भाचीही गेली नाही.

मग पुलाचं काम आलं. बारा खांब, प्रत्येकावर दिव्यांचा डबा, आणि पुलाच्या तोंडाशी उभारलेल्या तंबूतून प्रत्येक डब्यापर्यंत वेगळी केबल. सगळ्यात लांब नव्वद मीटर.

"बाराच्या बारा तुमच्या हातच्या, मावशी," मालक म्हणाले. "पण सांगून ठेवतो, एक जरी रुसली तर पुढच्या कामापासून केबलच्या कारखान्यातून तयार केबली आणणार. मग तुम्ही पुढे बसून बल्ब विकायचे."

"रुसायला त्या काय तुमच्या बायका आहेत?" मावशी म्हणाली खरी, पण बल्ब विकायची कल्पना तिला सोसवेना. ती खोली, ते रंग, तो कट्ट आवाज. साठीला टेकल्यावर सापडलेलं सुख ते. ते असं काउंटरवर मांडायचं?

उद्घाटन संध्याकाळी सातला. चार वाजता भाचीने तंबूत चाचणी घेतली. पहिले चार खांब झळाळले. पाचव्याला उचकी लागली. आठवा मनाला येईल तेव्हा डोळे मिचकावू लागला, आणि बाराव्याला तर चक्क आकडी आली.

मावशीने धावत जाऊन एकेका केबलीला तारा तपासायचा टेस्टर लावला. आठ तारांचे आठ ठिपके शहाण्या मुलांसारखे ओळीने पेटले. "बघा! आठच्या आठ!"

"टेस्टर पास, दिवे नापास," मालकांनी खिशातून फोन काढला. "कारखान्याला विचारतो."

"साडेसहापर्यंत विचारू नका."

"तोवर काय होणार आहे?"

"ते मला कळलं असतं तर तुम्हाला थांबवलं असतं का?"

गाडीत कारखान्याची एक तेवढीच लांब तयार केबल जादा पडली होती. भाचीने ती बाराव्या खांबाला जोडून पाहिली, आणि बाराव्याची आकडी पळाली! मावशीचा चेहरा एवढासा झाला. पण दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय तिला चैन कुठलं? तिने तो पारदर्शक कनेक्टर चष्म्याला भिडवला.

"अगं, इथेही हिरव्याला बायकोपासून तोडलंय!"

भाचीने तिच्या हातातला कनेक्टर पाहिला, मग मावशीने बसवलेला पाहिला, आणि कपाळाला हात लावला. "मावशी, तू यांना ओळीने बसवलंस?"

"मग काय, भांडण लावून बसवू?"

"अगं, तिसरी आणि सहावी जागा मिळून एक निरोप नेतात. तिथे एकाच जोडीतल्या तारा लागतात. त्यांच्यात पीळ असतो, म्हणून निरोप बाहेर सांडत नाही. तू तिसरीवर हिरव्याची पांढरी बसवलीस, आणि सहावीवर..."

"निळा." मावशीने आ वासला. मग हळूहळू तिचे डोळे चमकायला लागले. हा विषय तिला शिकवावा लागत नव्हता. "म्हणजे हिरव्याची बायको निळ्याबरोबर?"

"हो."

"जवळच्या जवळ कुणाला पत्ता लागत नाही..."

"पण नव्वद मीटर गेलं की..."

"गावभर बोभाटा!"

मावशी ताडकन उठली आणि मालकांपुढे जाऊन उभी राहिली. "चूक केबलची नाही, टेस्टरची नाही. माझी आहे, आणि तीन वर्षांची आहे. ती कारखान्याची काढून ठेवा. पाचव्यापासून बाराव्यापर्यंत माझ्या आठ केबली, सोळा टोकं. आता पावणेपाच झालेत. साडेसहाला खुशाल फोन लावा."

मालक काही बोलायच्या आत तिने जुना कनेक्टर छाटलासुद्धा. भाचीने क्रम म्हणायला सुरुवात केली, "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा..." पहिल्या टोकाला मावशीची बोटं हट्टाला पेटली, हिरव्याला उचलत आणि पुन्हा बायकोशेजारी नेऊन ठेवत. "जा बाबा," ती पुटपुटली, "दोन घरं पलीकडे जा. कामासाठी जातोयस, पळून नाही." कट्ट!

दुसरं टोक. कट्ट! चौथ्यानंतर भाचीने म्हणणं सोडलं, कारण मावशीच मोठ्याने म्हणत होती. तंबूतली टोकं संपली, पुलावरची सुरू झाली. मावशी पुढे, तिचं स्टूल डोक्यावर घेऊन मालक मागे. काठावर जमलेल्यांना वाटलं, हाच कार्यक्रम. त्यांनी टाळ्या पिटल्या. "जरा जोरात पळा," मावशी ओरडली, "लोक बघतायत!" सहा वाजून सत्तावीस मिनिटांनी बाराव्या खांबाशी सोळावं कट्ट झालं, आणि मावशीने तंबूकडे दोन्ही हात हलवले.

भाचीने कळ दाबली. पहिल्या खांबावरून निळा उजेड निघाला, पाचव्यावर अडखळला नाही, आठव्यावर मिचकावला नाही, थेट बाराव्यावर आदळला आणि केशरी होऊन परत फिरला. काठावरून आरोळी उठली. मावशी स्टुलावर चढून नाचू लागली आणि मालक खालून स्टूल धरून "पडाल, पडाल" करू लागले.

मावशीला खाली उतरवल्यावर मालकांनी फोन खिशात टाकला. "पुढचं काम स्टेडियमचं आहे," ते म्हणाले. "केबली तुमच्याच."

"त्या बघू. आधी उद्या या पहिल्या चार खांबांच्या आणि दुकानातल्या सगळ्या जुन्या केबली माझ्यापुढे आणून टाका."

"त्या कशाला? त्या चालतायत की!"

"चालतायत हो," मावशी चष्मा पुसत म्हणाली, "पण कशा चालतायत, ते मला आता कळलंय ना!"